पंचेचाळीस अंशांत टिकणारं ग्राफिक्स कार्ड कसं निवडावं

मे महिन्यातली भरदुपार. दारव्ह्याकडचा एक पोरगा मित्राच्या गाडीवर मागं बसून, मांडीवर कॅबिनेट धरून माझ्या दुकानात आला. घामानं ओलाचिंब. "भाऊ, कारड त नवंकोरं आहे. रातच्याले बराबर चालते, मंग दुपारीच काहून अटकते?"

कार्डात काही खोट नव्हती. ते ठेवलं होतं टिनाच्या खोलीत, भिंतीला चिकटवून, शेजारी कापसाचा ढीग. पोरानं घेण्याआधी दहा व्हिडिओ पाहिले होते, पण ते सगळे एसीच्या खोलीत बावीस-तेवीस अंशांत केलेले. आपल्याकडं, विदर्भात, दुपारी तीनला त्या खोलीत एक्केचाळीस. व्हिडिओत दिसलेला वेग त्याला जानेवारीतच मिळणार होता, आणि पैसे मात्र त्यानं बारा महिन्यांचे मोजले होते.

लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग, फ्लेक्सचं डिझाइन आणि कॉम्प्युटर दुरुस्ती, असं तिन्ही मी एकाच गाळ्यात करतो. तिथं शिकलेली एक गोष्ट नव्यांना आधीच सांगून ठेवतो. कार्डाचा खरा वेग म्हणजे मे महिन्याच्या दुपारी, व्होल्टेज उतरलेलं असताना, अर्धा तास सलग टिकणारा वेग. खरेदी त्याच्याच हिशोबानं करायची.

आधी काम, मग कार्ड

दुकानात येणाऱ्या दहातल्या चौघांना कार्डाची गरजच नसते. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका कोरल ड्रॉमध्ये करणाऱ्याला रॅम आणि एसएसडी हवी. सातबारा, फॉर्म भरणं, टॅली, ऑनलाइन क्लास यांना प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरून उरतं. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ आणि थोडंफार एडिटिंग एवढंच असेल तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी प्रोसेसर घ्या, ग्राफिक्स त्यातच असतं. वेगळं कार्ड नाही, वेगळी उष्णता नाही. दोन वर्षांनी गरज वाटली तर स्लॉट रिकामा आहेच.

शूटिंगवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. सध्याचे बरेच कॅमेरे ४:२:२, १०-बिट एचईव्हीसी (रंगाची जास्त माहिती दाबून साठवणारं) फुटेज देतात. एनव्हीडियाची आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेतली कार्डं हे फुटेज हार्डवेअरवर उलगडू शकत नाहीत. महाग कार्ड घालूनही टाइमलाइन अडखळते ती त्यामुळं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक्स मात्र ते सहज उलगडतं. म्हणून एडिटिंगसाठी इंटेल घेताना नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर हजार-दीड हजार वाचवायला घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं. एनव्हीडियाच्या कार्डावरच हे काम हवं असेल तर आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत जावं लागतं. माझ्या ओळखीतल्या दोघांनी आधी मोठं कार्ड घेतलं आणि मग प्रोसेसर बदलला. उलट क्रमानं गेले असते तर कार्डाचे पैसे वाचले असते.

ब्लेंडरसारखं थ्रीडीचं सॉफ्टवेअर, किंवा घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणं असेल तर वेगाआधी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, बघा. मॉडेल कार्डाच्या मेमरीत मावलं नाही तर कार्डाचा सगळा वेग वाया जातो. खेळाचं म्हणाल तर १०८० पिक्सेलच्या ६० हर्ट्झ मॉनिटरवर सेकंदाला साठच चित्रं दिसतात, कार्ड एकशेचाळीस काढत असलं तरी. वरची ऐंशी चित्रं म्हणजे नुसती उष्णता.

खोक्यावरचे वॅट वाचायला शिका

प्रत्येक कार्डाचा वीजखर्च कंपनी जाहीर करते. काही आकडे डोक्यात असू द्या. जीटीएक्स आणि आरटीएक्स म्हणजे एनव्हीडियाची कार्डं, आरएक्स म्हणजे एएमडीची. जीटीएक्स १६५० चे ७५ वॅट. आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबीवाल्याचे ७०. आरटीएक्स ४०६० चे ११५, आरएक्स ६६०० चे १३२, आरटीएक्स ५०६० चे १४५, आरएक्स ७६०० चे १६५, आरटीएक्स ३०६० चे १७०, इंटेल आर्क बी५८० चे १९०. आणि सगळ्यात वर आरटीएक्स ५०९०, ५७५ वॅट. ते एकटं कार्ड दोन-तीन कूलरची वीज खातं.

आता वेगाला वॅटनं भागा. खेळांत ३०६० चा वेग सेकंदाला शंभर चित्रं धरला तर ४०६० साधारण एकशे सतरा देतं. दर शंभर वॅटमागे ३०६० ला पडतात ५९ चित्रं, ४०६० ला १०२. आरएक्स ६६०० खेळांत जवळपास ३०६० एवढंच पळतं, म्हणजे ७६ च्या आसपास. हा भागाकार कुठल्याही दोन कार्डांना लावता येतो. फक्त वेगाचे आकडे एकाच परीक्षणातले, एकाच खेळाचे आणि एकाच सेटिंगचे हवेत.

नावावर जाऊ नका. ३०५० नावानं दोन वेगळी कार्डं विकली जातात. ८ जीबीवाल्याला १३० वॅट लागतात आणि त्यात २५६० कोर (हिशोब करणारे छोटे भाग) असतात. ६ जीबीवालं ७० वॅटचं, त्यात २३०४ कोर. दुकानदार दोघांना ३०५० च म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. लॅपटॉपमध्ये तर आणखी गंमत आहे. तिथं ४०६० हेच नाव ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंतच्या चिपला लागतं, त्यामुळं लॅपटॉप घेताना वॅटचा आकडा विचारल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

उन्हाची बेरीज

हा भाग कुठल्याच परीक्षणात सापडत नाही.

कार्डात गेलेली वीज शेवटी सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. १७० वॅटचं कार्ड म्हणजे खोलीत जुन्या पद्धतीचे साठ वॅटचे जवळपास तीन बल्ब सतत पेटलेले. पंखे ही उष्णता फक्त कार्डावरून उचलून खोलीत टाकतात, नाहीशी करत नाहीत. म्हणून कार्ड खोलीपेक्षा नेहमी काही अंशांनी जास्त तापलेलं राहतं, आणि पंख्यांचा वेग तोच असेल तर हा फरक साधारण कायम असतो.

परीक्षणात दोन आकडे शोधा, खोलीचं तापमान आणि कार्डाचं तापमान. समजा खोली २२ आणि कार्ड ७०. फरक ४८. आता तुमच्या खोलीचं मे महिन्यातलं दुपारी तीनचं तापमान त्यात मिळवा. खोलीचं तापमान दाखवणारं साधं थर्मामीटर मिळतं, ते भिंतीला लावा, मोबाइलवरचा आकडा बाहेरचा असतो. खोली ४१ असेल तर कार्ड ८९ ला जातं. एनव्हीडियाची बरीच कार्डं ८३ च्या आसपास पोचली की स्वतःला वाचवायला वेग उतरवतात. पंखे जोरानं फिरून दोन-चार अंश परत मिळवतील, पण मग खोलीत पाखडणी यंत्र सुरू झाल्यासारखा आवाज.

म्हणून आपल्याकडं एकाच मॉडेलमध्ये दोन पंख्यांचं, जाड हीटसिंकवालं (उष्णता खेचणाऱ्या धातूच्या पापुद्र्यांचं) कार्ड घ्यायला हजार रुपये जास्त गेले तरी मी घ्या म्हणतो. एका पंख्याचं चिमुकलं कार्ड पुण्यात चालेल. चंद्रपूर, वर्धा, अकोला, ब्रह्मपुरी या पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा नाही. आणि 'ओसी' लिहिलेल्या, कंपनीनंच थोडा वेग वाढवून दिलेल्या कार्डासाठी जादा पैसे अजिबात देऊ नका. दोन-तीन टक्के वेग मिळतो आणि तो उन्हाळ्यात परत काढून घेतला जातो.

कूलरचं काय, हे सगळेच विचारतात. कोरड्या मे महिन्यात चांगला कूलर खोली दहा अंशांनी सहज उतरवतो, त्यामुळं कार्डालाही आराम मिळतो. पण कॅबिनेट कूलरच्या सरळ झोतात ठेवू नका. पंपाचं पाणी जास्त झालं किंवा गवत जुनं झालं की झोताबरोबर बारीक तुषार उडतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. मदरबोर्डवर पांढरे डाग आणि हिरवट झालेली पिन मी किती वेळा पाहिली, त्याचा हिशोब नाही. कूलर एका भिंतीत, कॅबिनेट समोरच्या कोपऱ्यात, खिडकीचं एक तावदान उघडं. एवढं पुरतं. खिडकी बंद ठेवून कूलर लावला तर नुसता दमटपणा साचतो.

कॅबिनेटच्या काचेच्या दाराचं वेडही इथं महाग पडतं. समोर काच, आत रंगीत दिवे, आणि हवा आत यायला बोटभर फट. समोर जाळी असलेलं साधं कॅबिनेट घ्या. पुढून हवा घेणारे दोन पंखे आणि मागून फेकणारा एक. मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब.

आणि कापूस. भाव वाढायची वाट बघत आपण घरातल्याच खोलीत कापूस साठवतो, त्याच खोलीत पोराचा कॉम्प्युटर. रुईचे तंतू हीटसिंकच्या पापुद्र्यांत जाऊन नमदा बनतो, वरून काही दिसत नाही. त्या दारव्ह्याच्या पोराच्या कार्डातून मी बोटाएवढी वळकटी काढली. ती निघाल्यावर तापमान अकरा अंश खाली आलं. दिवाळीनंतर कापूस घरात आला की दर महिन्याला, एरवी तीन महिन्यांनी ब्लोअर मारा. मारताना कार्डाचा पंखा बोटानं धरून ठेवा, हवेनं गरगर फिरला की बेअरिंग खराब होतं.

वीज येते कशी, ते बघा

मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देतो. त्याहून जास्त लागली की एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज देणाऱ्या डब्यातून, वेगळी वायर. ६ पिनची वायर आणखी ७५ वॅट देते, ८ पिनची १५०.

नागपूरच्या बाजारातून कंपन्यांचे जुने, चौथ्या-सहाव्या पिढीचे टॉवर स्वस्तात आणणारे बरेच जण आहेत. मशीन चांगली असते, पण आत २४०-२९० वॅटचा कंपनीच्याच आकाराचा एसएमपीएस असतो आणि कार्डाची वायर नसते. अशांना वायर न लागणारं ३०५० चं ६ जीबी किंवा १६५०, एवढाच रस्ता. १६५० मध्येही काही मॉडेलांना ६ पिन लागते, फोटोत वरची कड बघून घ्या. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसलं तरी जुन्या मशीनला लावू नका. ते स्लॉटच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, जुन्या बोर्डावर तिथंच गळा आवळला जातो, आणि व्हिडिओ एनकोड करायची, म्हणजे एक्सपोर्टसाठी दाबून तयार करायची, सोयही त्यात नाही. इंटेल आर्कला रिसायझेबल बार ही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय असलेला नवा बोर्ड हवा, नाहीतर वेग खूप पडतो.

कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० किंवा ५०० लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका, बाजूचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर आहेत ते बघून १२ नं गुणा. १८ अँपियर असतील तर खरी ताकद २१६ वॅट. त्यात प्रोसेसरही आला आणि कार्डही. ११५ ते १७० वॅटच्या कार्डासाठी नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस घ्या. मागं ११५/२३० चं लाल बटण नसलेला, १०० ते २४० व्होल्ट स्वतः सांभाळणारा असला तर उत्तम. संध्याकाळी गावातल्या मोटारी सुरू झाल्या आणि व्होल्टेज पावणेदोनशेवर आलं तरी असा एसएमपीएस मशीन बंद पडू देत नाही. ज्यांच्याकडं त्याहून खाली जातं त्यांनी स्टॅबिलायझर लावावा. अर्थिंगही बघून घ्या. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर कार्डाआधी वायरमन बोलवा.

इन्व्हर्टरचं गणित करून टाकू. १५० अँपियर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास साठवते. ती तळापर्यंत रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही आपला वाटा खातो, तेव्हा हातात हजार-अकराशे वॅट-तास धरा. ११५ वॅटच्या कार्डाची मशीन मॉनिटरसकट जोरात चालताना सव्वादोनशे-अडीचशे वॅट घेते, म्हणजे चार-साडेचार तास. अडीचशे वॅटच्या कार्डाची मशीन चारशेवर जाते. तिला भागाकारानं अडीच तास मिळायला हवेत, पण भार वाढला की शिसं-आम्लाची बॅटरी आणखी हात आखडते, आणि मे महिन्यात त्याच इन्व्हर्टरवर पंखाही असतो. ६०० व्हीएच्या छोट्या युपीएसवर तर रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ काढायचं लांब काम, लावूच नका. तो साधारण ३६० वॅटचा असतो, फाइल सेव्ह करून मशीन बंद करायला आहे.

बिलाचं म्हणाल तर लोकांना वाटतो तेवढा फरक नाही. ३०६० आणि ४०६० मध्ये ५५ वॅटचं अंतर. रोज चार तास, वर्षाचे तीनशे दिवस, झाले ६६ युनिट. हिशोब सोपा जावा म्हणून युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला ६६०. तीन वर्षांत दोन हजाराच्या आत. पण घरगुती दर महिन्याला १०० युनिटनंतर पुढच्या, महागाच्या टप्प्यात जातो. घरचा वापर नव्वद-पंच्याण्णव असेल तर कार्डाचे युनिट महागाच्या दरानंच लागतात. बिल समोर ठेवून बघा. मोठ्या कार्डाचा विचार असेल तर त्याच बिलावर मंजूर भार किती लिहिलाय तेही वाचा.

म्हणजे वॅट वाचवायचे ते बिलासाठी कमी आणि उष्णता, बॅटरी नि एसएमपीएस यांच्यासाठी जास्त.

भाव

कार्डाची किंमत एकटी बघू नका. त्यात एसएमपीएस बदलायचा खर्च, लागला तर कॅबिनेटचा, स्टॅबिलायझरचा मिळवा. मग वेगाला त्या बेरजेनं भागा. पुष्कळदा तीन हजारांनी महाग पण कमी वॅटचं कार्ड शेवटी स्वस्त पडतं, कारण आहे तोच एसएमपीएस चालून जातो. ३०६० चं १२ जीबी मी अजूनही सुचवतो, पण फक्त ब्लेंडर आणि एआयवाल्यांना. तेवढ्या मेमरीसाठी जादा वॅट सोसायला हरकत नाही. नुसत्या खेळासाठी नाही.

जुनं घेणाऱ्यांनो, थोडं थांबा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं, कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस चाललेली कार्डं बाजारात आली. ती अजून फिरतात. मीही एक आरएक्स ५८० घेतलं होतं, इंटरनेटवरच्या एका माणसाकडून, बस पार्सलनं. आत थर्मल पेस्टची खपली, एक पंखा अडकलेला, आणि तपासलं तर कोर २३०४ ऐवजी २०४८. त्याच नावाचा हलका अवतार. पार्सल उघडायच्या आत त्या माणसाचा नंबर बंद. ते धूड दोन उन्हाळे मी जानेवारीची वाट बघत वापरलं.

जुनं घ्यायचंच तर समोर लावून, जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून कोर आणि मेमरी ताडून, वीस मिनिटं भार टाकून घ्या. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० स्वस्त मिळतात, पण त्या पिढीला २०२५ च्या ऑक्टोबरनंतर नव्या खेळांचे ड्रायव्हर येत नाहीत. १६५० पासून पुढची पिढी घ्या. नव्या कार्डाचं जीएसटीचं पक्कं बिल मागा. १८ टक्के वाचवायला कच्च्या बिलावर घेतलं की वॉरंटीच्या वेळी हात चोळत बसावं लागतं. सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे की मुंबईला पाठवावं लागतं, हेही आधीच विचारा.

कार्ड आल्यावर पहिलं काम: वेग थोडा सोडा

लोक उलटं करतात, आणल्या दिवशी ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरल्याहून जास्त वेग. चिपचा वीजखर्च वेगाच्या पटीत वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग पाच टक्के आणि व्होल्टेज दहा टक्के उतरवलं तर ०.९५ गुणिले ०.८१, म्हणजे ०.७७. पाच टक्के वेग देऊन तेवीस टक्के वीज आणि उष्णता वाचली. शेवटच्या चार-पाच टक्क्यांसाठी कंपनी कार्डाला फार पळवते, ती ओढ आपण काढून घ्यायची.

एमएसआय आफ्टरबर्नर उतरवून घ्या, फुकट आहे आणि इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतं. त्यात पॉवर लिमिटची पट्टी असते. ती १०० वरून ८० वर आणा, लागू करा, नेहमीचा खेळ किंवा रेंडर चालवून बघा. वेग कितीनं पडला आणि तापमान कितीनं, दोन्ही वहीत लिहा. बहुतेक वेळा वेग एक आकडी टक्क्यांनीच पडतो. मग ७५ करून बघा. वेग एकदम घसरायला लागला की एक पायरी मागं या. मी दोन पट्ट्या साठवून ठेवतो, उन्हाळ्याची ७५ ची आणि हिवाळ्याची १०० ची. खेळणाऱ्यांनी ड्रायव्हरमध्ये चित्रांची मर्यादा मॉनिटरएवढी, ६० किंवा ७५, बांधून टाकावी. हलक्या खेळात नुसत्या तेवढ्यानं कार्ड अर्ध्या वॅटवर येतं.

रेंडर रात्री लावा. दहानंतर व्होल्टेजही चढलेलं असतं आणि खोलीही उतरलेली. एप्रिल-मे ऐन लग्नसराईचा काळ, तेव्हा माझ्या दुकानात दिवसा फक्त कापाकापी होते, एक्सपोर्टची रांग झोपताना सुरू करतो.

परीक्षा घ्यायची ती मात्र दुपारी. परत द्यायची मुदत आहे तोवर, अडीच-तीनच्या सुमारास, कूलर बंद करून अर्धा तास पूर्ण भार. पाचव्या मिनिटाचा वेग आणि तिसाव्या मिनिटाचा वेग लिहून घ्या. दोघांत पाच टक्क्यांपर्यंत फरक असेल तर ठीक. पंधरा-वीस असेल तर आधी कॅबिनेटचं दार काढून तीच परीक्षा परत घ्या. दार काढल्यावर सुधारलं तर कॅबिनेट बदला. तरीही तसंच राहिलं तर कार्ड खोक्यात भरा, बिल घ्या आणि मुदतीच्या आत परत करा.